विज्ञानकथेतल्या युद्धनौकांचा 'वर्ग' कसा उभा करायचा: नव्या लेखकांसाठी पायरीपायरीने

मराठवाड्यातल्या कॉलेजांतली मुलंमुली हल्ली अंतराळयुद्धाच्या कथा लिहितात आणि 'जरा बघा ना' म्हणून पाठवतात. त्यातल्या बहुतेक कथांत पहिल्याच पानावर एक अवाढव्य युद्धनौका अवतरते. लांबी दहा किलोमीटर, हजार तोफा, अभेद्य कवच. पुढची सगळी पानं ती नौका वाट्टेल ते करते, आणि त्यामुळेच तिचं काय होईल याची वाचकाला काडीची धाकधूक वाटत नाही.

तिच्यावर काय काय आहे हे सगळेच लिहितात. ती कशानं अडते हे आधी ठरवा. कथा तिथून निघते. मी ज्या क्रमाने हे काम करतो तो क्रम खाली दिला आहे. पायऱ्या उलटसुलट केल्या तर पुढचे आकडे मागच्यांशी जुळत नाहीत.

लागणारं सामान

- चौकटींची वही, पट्टी, पेन्सिल, भरपूर खोडरबर
- सायंटिफिक कॅल्क्युलेटर. फोनमधला चालेल, फक्त त्यात 'एलएन'चं (ln, म्हणजे नैसर्गिक लॉगॅरिदमचं) बटण हवं
- अकरावी-बारावीची फिजिक्सची पुस्तकं
- आकडे बदलून बघायला कोणतंही स्प्रेडशीट
- ग्रहताऱ्यांच्या जागा बघायला स्टेलॅरियम, नौकेचं त्रिमित चित्र करायला ब्लेंडर. दोन्ही फुकट मिळतात

ब्लेंडर मात्र सगळ्यात शेवटी उघडायचं. आधी उघडलं की महिनाभर पत्र्यावरचे रिव्हेट काढत बसाल आणि कथा राहील बाजूला.

१. आधी देवगिरी चढून या

संभाजीनगरजवळ राहत असाल तर पहिलं काम हे. लांब असाल तर सवडीनं जा, पण जा. दौलताबादचा किल्ला सहलीत पाहिलेला असतोच. या वेळी वही घेऊन, हल्ला करायला निघाल्यासारखे जा.

अंबरकोट, महाकोट, काळाकोट असे कोट ओलांडत चला. दरवाजे एका रेषेत नाहीत हे लिहून घ्या. वाट वळते, हत्तीला धडक द्यायला धाव मिळत नाही, त्यात दारावर अणकुचीदार खिळे. पुढे खडक तासून केलेला खंदक आणि वर ताशीव कडा. त्यानंतर अंधारी: काळोखा, वळणावळणाचा बोगदा. तिच्या वरच्या तोंडाशी विस्तव पेटवून आत धूर कोंडायची सोय होती, असं सांगतात. टॉर्च न्या आणि वटवाघळांच्या वासाची तयारी ठेवा. खंदकाच्या अलीकडे बुरुजावर मेंढ्याच्या तोंडाची तोफ दिसते. लोक तिच्यासोबत फोटो काढतात. तुम्ही तिथून खाली बघा आणि तिचा मारा कुठे पोचतो, कुठे पोचत नाही ते वहीत आखा.

आता या किल्ल्याचं १२९६ साली काय झालं ते आठवा. अल्लाउद्दीन खिलजी अचानक येऊन धडकला तेव्हा यादवांचं बरंचसं सैन्य बाहेर होतं. रामचंद्रदेव वर गडात शिरला. घाईघाईनं वर नेलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघालं, अशी हकीकत सांगतात. कडा कोणी चढला नाही, खंदक कोणी बुजवला नाही, तरी तह करावा लागला.

तुमच्या नौकेतली मिठाची पोती कोणती, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहायचं आहे. उत्तर पाचव्या-सहाव्या पायरीला सापडेल. आत्ता जागा कोरी सोडा.

२. वर्ग म्हणजे एक नौका नव्हे

एकाच आराखड्यावर बांधलेल्या नौकांचा मिळून वर्ग होतो, आणि बहुधा पहिल्या नौकेचं नाव वर्गाला मिळतं. आपल्या नौदलाचा विशाखापट्टणम वर्ग घ्या. विशाखापट्टणम, मोरमुगाव, इंफाळ, सुरत अशा चार विनाशिका मुंबईच्या माझगाव गोदीत बांधल्या गेल्या. पहिली २०२१ मध्ये दाखल झाली, शेवटची जानेवारी २०२५ मध्ये. लांबी १६३ मीटर, वजन सुमारे ७,४०० टन.

यातून दोन गोष्टी उचला. एक, पहिल्या आणि शेवटच्या नौकेत काही वर्षं जातात, म्हणून बहिणी तंतोतंत सारख्या नसतात. पहिलीत निघालेल्या खोडी चौथीत दुरुस्त होतात, आणि चौथीवरचा नवा अधिकारी पहिलीवर बदलून आला की त्याचा हात चुकीच्या बटणावर जातो. असा एक प्रसंग चार पानांच्या वर्णनाचं काम करतो. दोन, वर्ग एका कामासाठी बांधलेला असतो. विनाशिकाच घ्या. १८९० च्या दशकात टॉर्पेडो सोडणाऱ्या छोट्या होड्या मोठ्या जहाजांना छळू लागल्या, त्यांचा समाचार घ्यायला हा प्रकार जन्मला. तुमचा वर्ग कोणाच्या भीतीनं बांधला गेला, ते एका वाक्यात लिहा. 'सगळ्यांशी लढायला' हे उत्तर बाद.

जहाजांच्या प्रकारांसाठी क्रूझर आणि फ्रिगेटच वापरायला हवेत असं नाही. मराठा आरमारातली गुराब मोठी, गलबत लहान आणि चपळ. ही नावं कथेत छान बसतात.

पुढच्या उदाहरणांसाठी मी एक काल्पनिक 'देवगिरी वर्ग' धरतो. काम: गुरूच्या चंद्रांवरून येणाऱ्या मालवाहू तांड्यांची राखण. माणसं १२०.

३. अंतर आणि वेळ

चंद्र सुमारे ३,८४,००० किलोमीटरवर आहे. तिथून निघालेला संदेश सव्वा सेकंदात पोचतो. मंगळावरून कधी ३ मिनिटं, कधी २२ मिनिटं लागतात. त्यामुळे मंगळावरचा सेनापती पृथ्वीवरच्या मंत्र्याशी तावातावानं भांडू शकत नाही. तो निरोप धाडतो आणि उत्तर येईपर्यंत जे सुचेल ते करून मोकळा होतो. कप्तानाला एवढं स्वातंत्र्य फुकटात मिळतंय, ते घालवू नका.

वेगाचं भान यायला एक माप लक्षात ठेवा. सेकंदाला १० किलोमीटर वेगानं जाणारी नौका संभाजीनगरहून जालन्याला सहा सेकंदांत पोचेल. अशा दोन नौका एकमेकींच्या जवळून गेल्या तर समोरासमोरची चकमक डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपते. आधीचे तीन आठवडे मात्र दोघींना एकमेकी दिसत असतात. युद्धाचा ताण त्या तीन आठवड्यांत आहे.

नेहमीचा सापळा: नौका विमानासारख्या कलून वळतात. वळायला हवा लागते. अंतराळात तोंड फिरवलं तरी नौका आधीच्याच दिशेला जात राहते. थांबायचं असेल तर उलटं फिरून तेवढाच जोर पुन्हा लावावा लागतो. आणि स्फोटाचा आवाज बाहेर कोणालाही ऐकू येत नाही, हे आता शाळकरी पोरांनाही माहीत आहे.

४. आकार आणि इंधन

लांबी दुप्पट केली की पृष्ठभाग चौपट होतो आणि आकारमान आठपट. विशाखापट्टणमसारखी १६३ मीटरची नौका त्याच घडणीत दहापट लांब केली तर वजन हजारपट, म्हणजे ७४ लाख टन. दहा किलोमीटरची नौका लिहिण्याआधी हा गुणाकार करा. चार किलोमीटर म्हणजे किती, हे डोळ्यांसमोर आणायचं असेल तर हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ व्हायच्या लायगो-इंडिया वेधशाळेच्या एका भुजेची आखलेली लांबी तेवढी आहे. गुरुत्वीय लहरी टिपायला एवढी लांबी कामाची, पण तेवढंच जहाज फिरवायचं तर जीव जाईल.

आता इंधन. रॉकेटचं सूत्र: वेगातला बदल म्हणजे झोताचा (इंजिन मागे फेकतं त्या वायूचा) वेग गुणिले सुरुवातीच्या आणि शेवटच्या वजनांच्या गुणोत्तराचा 'एलएन'. हायड्रोजन-ऑक्सिजनच्या इंजिनाचा झोत सेकंदाला साधारण साडेचार किलोमीटरनं निघतो. तेवढाच वेगबदल हवा असेल तर निघतानाच्या वजनात ६३ टक्के इंधन. दुप्पट हवा असेल तर ८६ टक्के. तिप्पट हवा असेल तर ९५ टक्के, म्हणजे जहाज नावापुरतंच उरतं.

आयन इंजिनाचा, म्हणजे विजेच्या जोरावर भारित कण मागे फेकणाऱ्या इंजिनाचा, झोत सेकंदाला ३० किलोमीटरच्या घरात जातो. तिथे सेकंदाला ९ किलोमीटरचा वेगबदल निव्वळ २६ टक्के इंधनात होतो. पण जोर अगदी किरकोळ. नासाच्या डॉन यानाला त्याच इंजिनावर ताशी शून्यापासून शंभर किलोमीटरपर्यंत पोचायला चारेक दिवस लागायचे. थोडक्यात, झपाटा हवा की पल्ला, ते तुम्ही ठरवा. दोन्ही हवं असेल तर एखादं काल्पनिक इंजिन घ्या. विज्ञानकथेत एक मोठी थाप माफ असते. दुसरी मारली की वाचक हिशेब मागतो.

५. उष्णता

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात, आणि सगळ्यात जास्त कथा इथेच सापडतात.

अंतराळ थंड असतं म्हणून नौका गार राहील असं वाटतं. पण उष्णता वाहून न्यायला तिथे ना वारा ना पाणी. ती फक्त किरणांच्या रूपानं बाहेर पडते, आणि त्यासाठी पृष्ठभाग लागतो. म्हणून नौकेला मोठमोठे पंखे लागतात. फिरणारे नव्हेत, उष्णता फेकणारे सपाट पत्रे.

हिशेब आपल्या ओळखीच्या मापात करू. २७ अंश सेल्सिअसचा काळा पत्रा एका बाजूनं दर चौरस मीटरला सुमारे ४६० वॅट फेकतो, दोन्ही बाजूंनी ९२०. म्हणजे एक मेगावॅट उष्णता टाकायला जवळपास अकरा गुंठे पत्रा हवा. देवगिरी वर्गाची अणुभट्टी आणि शस्त्रं मिळून १०० मेगावॅट उष्णता तयार करतात असं धरलं, तर सत्तावीस एकर. एवढं रान पाठीवर घेऊन कोण लढेल?

सुटका आहे. ही फेक तापमानाच्या चौथ्या घातानं वाढते. पत्रा ७२७ अंशांवर लालभडक तापू दिला तर त्याच १०० मेगावॅटला नऊ गुंठे पुरतात. बदल्यात दोन गोष्टी सोसाव्या लागतात. माणसं राहतात त्या भागाची उष्णता थंड पत्र्यांवरच टाकावी लागते, म्हणून दोन वेगळ्या जोड्या हव्यात. आणि तो लाल पत्रा अंतराळाच्या उणे २७० अंशांच्या पार्श्वभूमीवर कोट्यवधी किलोमीटरवरून दिसतो. त्यामुळे 'शत्रूच्या नकळत गुपचूप जवळ आली' हे वाक्य खोडा.

खरी गंमत पुढे आहे. पत्रे नाजूक असतात. लढाईत ते मिटून घ्यावे लागतात. मिटले की उष्णता आतच साठते. ती कुठे टाकायची? बर्फात. एक किलो बर्फ वितळवून, उकळून त्याची वाफ बाहेर सोडली तर सुमारे ३० लाख ज्यूल उष्णता जाते. १०० मेगावॅटसाठी सेकंदाला ३३ किलो, तासाला १२० टन. दहा हजार लिटरचे बारा टँकर, दर तासाला. मराठवाड्यातल्या वाचकाला याचा अर्थ वेगळा समजवावा लागत नाही.

६. पाणी आणि माणसं

देवगिरी वर्गात २०० टन पाणी आहे, बहुतेक बर्फाच्या रूपात, असं धरा. तेच पिण्याचं, तेच टाक्यांच्या थरात किरणोत्सर्ग अडवणारं, आणि लढाईत तेच थंडावा देणारं. १२० माणसांना रोज प्रत्येकी चार लिटर, म्हणजे दिवसाला ४८० लिटर. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर ९८ टक्के पाणी परत वापरात आणता येतं हे २०२३ मध्ये सिद्ध झालं. तेवढी कार्यक्षमता धरली तर दिवसाला दहा लिटरही वाया जात नाही, आणि कप्तान निर्धास्त असतो.

आता लढाई होऊ द्या. पत्रे दीड तास मिटलेले, १८० टन पाणी वाफ होऊन गेलं. उरलं वीस टन. त्यातच पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रावर एक गोळा बसला. वीस टन म्हणजे ४१ दिवस. जवळचं बंदर ६० दिवसांवर. लढाई जिंकली आहे, नौका धड आहे, आणि माणसं मरणार आहेत. पहिल्या पानावरची कोरी जागा आता भरा.

इथून पुढे पात्रं आपोआप उभी राहतात. पाण्याचा हिशेब ठेवणारी अधिकारी तोफखान्याच्या प्रमुखापेक्षा मोठी ठरते. तिला नाव द्या, हुद्दा द्या, गाव द्या. लातूरची केली तरी चालेल. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा ती शाळेत होती, असं लिहायचं असेल तर काळाचं गणित मात्र तपासा. तुमची कथा २२०० सालात असेल तर ती आठवण तिच्या पणजीच्या पणजीची.

माणसांचं बाकी थोडक्यात: गुरुत्व फिरण्यातून आणायचं असेल तर मिनिटाला दोन फेऱ्यांत पृथ्वीइतकं वजन मिळायला त्रिज्या सुमारे २२४ मीटर लागते. छोट्या नौकेत हे बसत नाही. त्यांना तरंगू द्या.

७. शस्त्रं

मुद्दाम इतक्या उशिरा. सेकंदाला तीन किलोमीटर वेगानं आदळणारा एक किलोचा साधा दगड एक किलो टीएनटी या स्फोटकाइतकी ऊर्जा सोडतो. दहा किलोमीटर वेगानं आला तर बाराएक किलोइतकी. त्यामुळे सुटे खिळेसुद्धा शस्त्र होतात, आणि आपण उडवलेल्या नौकेचे तुकडे आपल्यालाही लागतात. लेझर सरळ जातो हे खरं, पण पसरतो. एक मीटरच्या आरशातून सोडलेला अवरक्त लेझर हजार किलोमीटरवर अडीच मीटर रुंद होतो. पल्ला वाढला की धार बोथट.

प्रत्येक शस्त्रापुढे त्याचा आंधळा कोन लिहा. पसरलेले पत्रे मध्ये आले की त्या बाजूला मारा करता येत नाही. मेंढा तोफेजवळ वहीत काढलेली आकृती इथे उपयोगी पडते.

८. नावं

एका वर्गाची नावं एका घराण्यातली असावीत. कलवरी वर्गाच्या पाणबुड्यांत 'खांदेरी' आहे, ती अलिबागसमोरच्या जलदुर्गावरून. देवगिरी वर्गासाठी मी मराठवाड्यातले किल्ले घेतो: देवगिरी, नळदुर्ग, परांडा, उदगीर, औसा, कंधार. कंधारला वाचक अफगाणिस्तानात जाऊन पोचतो, म्हणून ती नौका पहिल्या प्रकरणात आणू नका. नळदुर्गाच्या पोटात बोरी नदी अडवून पाणी महाल बांधलेला आहे. सगळ्यात जास्त पाणी साठवणारी बहीण कोणती, हे मला वेगळं ठरवावं लागलं नाही.

गाजलेल्या परदेशी मालिकांतल्या वर्गांची नावं आणि ओळखीचे आकार उचलू नका. कायद्याचा प्रश्न आहेच, शिवाय वाचक पहिल्या ओळीत ओळखतो आणि तुमची नौका त्याला दिसेनाशी होते.

९. कागदपत्रं

कथा लिहायला बसण्याआधी एवढं तयार हवं:

- वर्गपत्रक, एक पान: काम, लांबी, वजन, माणसं, इंधनाचं प्रमाण, उष्णता, पत्रे गुंठ्यांत, पाणी टनांत
- तीन बाजूंच्या रेखाकृती, माराक्षेत्र आणि आंधळे कोन रंगवलेले
- बहिणींची यादी: प्रत्येकीचं वय, एक खोड, सध्या कुठे आहे
- पाण्याचं रजिस्टर: कथेतल्या प्रत्येक प्रसंगानंतर किती उरलं

यातलं शेवटचं कोणीच ठेवत नाही. मग सातव्या प्रकरणात संपलेलं पाणी नवव्यात परत येतं आणि हे संपादकाच्या आधी वाचकाला कळतं.

हे सगळं कथेत ओतायचं नाही. दहातलं एक वाक्य बाहेर येऊ द्या. बाकीची नऊ तुम्हाला माहीत आहेत हे त्या एका वाक्यातून जाणवतं. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानरंजन कथा स्पर्धेला पाठवणार असाल तर त्या वर्षीची शब्दमर्यादा आधी बघा. वर्गपत्रक सोबत जोडायचं नाही.

१०. शत्रूच्या हाती द्या

फिजिक्स बरं असलेली एखादी मैत्रीण किंवा मित्र गाठा. कथा दाखवू नका, फक्त वर्गपत्रक द्या आणि सांगा: तू शत्रूचा सेनापती, तुझ्याकडे दोन गलबतं, हिला हरव. अर्ध्या तासात वाट सापडली नाही तर तुमची नौका फार बळकट झाली आहे, चौथ्या पायरीवर परत जा. दोन मिनिटांतच सापडली तर तुमच्या वर्गाची आखणी करणाऱ्या लोकांना ती का दिसली नाही, याचं कारण शोधा. पैसा अपुरा होता, घाई होती, की कोणाचा हट्ट होता? ते कारण सापडलं की पत्रक बाजूला ठेवा आणि पहिलं प्रकरण लिहायला घ्या.